थंडीचं गाव निफाड

डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्र उघडलं की एक बातमी हमखास दिसते, ‘निफाडचा पारा घसरला!’ महाबळेश्वर उंच डोंगरावरचं, थंड हवेचं ठिकाण. पण कित्येकदा त्याच्याहूनही जास्त गारठा नाशिक जिल्ह्यातल्या या सपाट मुलखात पडतो. हे कसं काय? चला, आज निफाडलाच जाऊ. कानटोपी घ्यायला विसरू नका हं!

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं साधारण ४० किलोमीटर गेलं की निफाड येतं. गोदावरी आणि कादवा या नद्यांचा हा तालुका. काळी जमीन, विहिरी आणि कालव्यांचं पाणी. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड, कोरडे वारे येतात. आभाळ निरभ्र असतं. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब रात्री सरळ वर निघून जाते, कारण तिला अडवायला ढगांची गोधडीच नसते. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी सखल भागाकडे उतरते आणि नदीकाठच्या शेतांत साचून राहते. म्हणून सूर्य उगवायच्या थोडं आधी इथे सगळ्यात जास्त गारठा असतो.

हा पारा मोजतात कुंदेवाडीला, गहू संशोधन केंद्रात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. डिसेंबर २०१८च्या अखेरीस इथला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं!

आता तुम्ही म्हणाल, थंडी मोजायला गव्हाचं केंद्र कशाला? अहो, गव्हाला थंडी किती प्यारी! नोव्हेंबरात पेरलेल्या एका दाण्यातून एक रोप येतं. चांगली थंडी मिळाली तर त्या रोपाला बुडापासून नवे कोंब येतात. त्यांना फुटवे म्हणतात. जितके फुटवे जोमदार, तितक्या ओंब्या जास्त. थंडी कमी पडली तर गहू घाई करतो, लवकर निसवतो आणि दाणे हलके राहतात. या केंद्रानं गव्हाचे नवे वाण तयार केले, त्यांची नावं बघा किती आपली आहेत : त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती.

हरभराही थंडीचा दोस्त. पहाटे हरभऱ्याच्या शेतात गेलात तर पाय चुरचुरतात. पानांवर आंबट दव असतं, त्याला आंब म्हणतात. पूर्वी घरोघरच्या आज्या पहाटे स्वच्छ फडकं हरभऱ्यावरून फिरवून ही आंब पिळून ठेवायच्या. पोट दुखलं की औषधाला! जीभ लावून बघा एकदा. डोळे मिटतातच.

आणि बांधाच्या पलीकडे काय? द्राक्षाची बाग. इथे मात्र थंडी म्हणजे काळजी.

द्राक्षाची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, म्हणजे ऐन थंडीत घडांतले मणी फुगत असतात. पारा फार उतरला की वेलीची मुळं मंदावतात आणि मणी वाढायचे थांबतात. ज्या मण्यांत गोडी उतरलेली असते, त्यांची साल पहाटेच्या गारठ्यानं तडकते. एक मणी तडकला की त्याचा रस शेजारच्या मण्यांना लागतो आणि घडच सडायला लागतो. दिवसा कडक ऊन आणि रात्री कडक थंडी असली तर हिरवे मणी गुलाबी पडतात. आपल्याला ते छान दिसतील, पण परदेशी पाठवायच्या हिरव्या द्राक्षात असे मणी चालत नाहीत. म्हणून घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. बाग बघायला गेलात तर वाटेल, वेलींना बातम्याच लागल्या आहेत!

पारा ५-६ अंशांवर आला की बागांमध्ये रात्री कुणी झोपत नाही. पहाटे जागोजागी शेकोट्या पेटवतात, ओला पालापाचोळा टाकून धूर करतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, ते ठिबकनं वेलींच्या मुळाशी सोडतात. त्या दिवसांत माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या स्वेटरला धुराचा वास येतो. त्यांना ‘जांभया का देतोस?’ असं मी विचारत नाही. वर्षभराची औषधं, खतं, मजुरी, कर्जाचा हप्ता, सगळं त्या आठ-दहा रात्रींवर टांगलेलं असतं.

गव्हाच्या शेतकऱ्याची रात्रही सोपी नसते. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. थंडी गव्हाला मानवते, पण बाऱ्याला उभं राहून, गार चिखलात पाय रोवून पाणी भरणाऱ्याला ती कशी मानवेल?

गंमत म्हणजे पुष्कळ घरांची शेती दोन्ही असते, दोन एकर बाग आणि एक एकर गहू. त्या घरानं थंडीला ये म्हणावं की जा म्हणावं? मला वाटतं, त्यांना हवी असते बेताची थंडी. सगळ्यांत जास्त धास्ती मात्र ढगांची. आभाळ आलं की थंडी पळते, पण द्राक्षावर डावणी आणि भुरी हे रोग येतात, हरभऱ्यावर घाटेअळी. नोव्हेंबर २०२३च्या शेवटच्या आठवड्यात तर या भागात अवकाळी पाऊस आणि गारा पडल्या. कित्येक बागांची फुलोऱ्यातली आणि मणी धरलेली द्राक्षं मातीला मिळाली. त्यापुढे थंडी परवडली, असं म्हणायची वेळ आली.

तुम्हाला यायचं असेल तर फेब्रुवारीत या. जवळच नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, थंडीसाठी दूरदेशाहून आलेले पाहुणे पक्षी तोवर तिथे असतात. गहू पिवळा पडू लागलेला असतो, कांद्याची पात हिरवीगार असते आणि बागांमधून घडांवरचे कागद निघत असतात. पोटभर द्राक्षं खा. मात्र मालकांना विचारूनच तोडा हं!