प्रतिनायकनिष्ठ रती : एका रंजनपर कादंबरीच्या निमित्ताने

रंजनपर कादंबरीविषयी समीक्षेने बोलावे की नाही, हा प्रश्न मराठीत पुष्कळ जुना आहे. ना. सी. फडक्यांच्या काळापासून तो वेगवेगळ्या रूपांत आपल्यापुढे येत राहिला, आणि प्रत्येक पिढीने त्याचे उत्तर देण्याऐवजी तो पुढच्या पिढीकडे सोपवला. मी स्वतः हा प्रश्न वर्गात अनेकदा मांडला आहे. पण तो मला नव्याने भिडला तो एका परकीय कादंबरीमुळे. रेचल रीड या टोपणनावाने लिहिणाऱ्या, कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताच्या लेखिकेची ‘हीटेड रायव्हलरी’ ही कादंबरी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रकाशक कॅरिना प्रेस, म्हणजे हार्लेक्विन या प्रणयकथांच्या सुप्रसिद्ध प्रकाशनसंस्थेचीच एक शाखा. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिच्यावर आधारलेली सहा भागांची दूरचित्रवाणी मालिका कॅनडात आली, आणि तोवर एका विशिष्ट वाचकवर्गापुरती असलेली ही संहिता एकाएकी सर्वतोमुखी झाली. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने ती माझ्या टेबलावर ठेवली. ‘सर, ही साहित्य म्हणून वाचता येईल का?’ एवढेच त्याने विचारले. त्या प्रश्नात दुसराही एक प्रश्न दडलेला होता, हे त्याच्या आवाजावरून कळत होते.

कथानक थोडक्यात असे : शेन हॉलंडर हा कॅनडाचा, आईकडून जपानी वंशाचा, अतिशय शिस्तबद्ध आइस हॉकीपटू, इल्या रोझानोव्ह हा मॉस्कोचा, उद्दाम आणि विनोदी. एक मॉन्ट्रियलच्या काल्पनिक संघाकडून खेळतो, दुसरा बॉस्टनच्या. वृत्तपत्रे, प्रेक्षक आणि जाहिरातदार यांनी मिळून त्यांचे वैर ही एक विकाऊ वस्तू बनवली आहे. आणि हे वैर जाहीरपणे चालू असतानाच, किशोरवय संपता संपता सुरू झालेला त्यांचा शरीरसंबंध हॉटेलच्या खोल्यांत वर्षानुवर्षे गुप्तपणे चालू राहतो, आणि दोघांच्याही नकळत प्रेमात रूपांतरित होतो.

माझे शिक्षण संस्कृत साहित्यशास्त्राच्या छायेत झाले, त्यामुळे ही कादंबरी वाचताना मला पहिल्यांदा आठवला तो विश्वनाथ. चौदाव्या शतकातल्या ‘साहित्यदर्पणा’त रसाभासाची चर्चा करताना त्याने रती कोठे अनुचित ठरते याची एक यादी दिली आहे. मुनी आणि गुरू यांच्या पत्नीविषयीची रती, अनेक नायकांविषयीची रती, एकतर्फी रती, अधम पात्रांची किंवा पशुपक्ष्यांची रती. आणि याच यादीत ‘प्रतिनायकनिष्ठ’ रती. नायकाचा जो प्रतिस्पर्धी, त्याच्या ठायी रती वसली की तेथे शृंगार उरत नाही, शृंगाराचा आभास उरतो. विश्वनाथाच्या मनात अर्थातच नायिका होती. प्रतिनायकाच्या ठायी नायकाचीच रती वसेल, ही शक्यता त्याच्या यादीतही नाही. प्रस्तुत कादंबरीचे सारे आशयसूत्र मात्र नेमके या न नोंदलेल्या जागी उभे आहे. येथे नायक आणि प्रतिनायक परस्परांचे आलंबनविभाव आहेत, तेही एकाच वेळी दोन रसांचे. बर्फाच्या मैदानावर उत्साह, बंद दाराआड रती. वीर आणि शृंगार यांचा हा संकर कृत्रिम वाटत नाही, कारण दोहोंना लागणारी सामग्री एकच आहे : समोरच्या देहाकडे लागलेले अखंड लक्ष.

हे लक्ष पाश्चात्त्य समीक्षेने निराळ्या परिभाषेत ओळखले आहे. ईव्ह कोसॉफ्स्की सेजविक यांनी ‘बिट्वीन मेन’ (१९८५) या ग्रंथात, रने जिरार यांच्या त्रिकोणी अभिलाषेच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन, एका स्त्रीसाठी झगडणाऱ्या दोन पुरुषांमधला बंध हा त्या स्त्रीविषयीच्या ओढीइतकाच उत्कट असतो, असे दाखवले. ‘हीटेड रायव्हलरी’त त्रिकोण शाबूत आहे, फक्त तिसऱ्या कोनावर स्त्रीच्या जागी चषक आहे. स्त्री बाजूला सरताच दोन पुरुषांमधला बंध उघडा पडतो, आणि चषक हे निमित्त ठरते. शेन आणि इल्या यांनी एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक ‘लिली’ आणि ‘जेन’ या नावांखाली साठवले आहेत. म्हणजे हद्दपार झालेली स्त्री येथे केवळ नामरूपाने, पडदा म्हणून परत येते. या प्रकारच्या कादंबऱ्या मोठ्या प्रमाणावर स्त्रियाच लिहितात आणि स्त्रियाच वाचतात, हे लक्षात घेतले की या पडद्याचा अर्थ अधिक गुंतागुंतीचा होतो. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) मध्ये प्रणयकथा वाचणाऱ्या अमेरिकन स्त्रियांशी बोलून त्यांच्या वाचनाचा अभ्यास केला. वाचन हा त्यांच्यासाठी घरकामाच्या मागण्यांपासून काढून घेतलेला स्वतःचा वेळ होता. दोन समबल देहांमधला प्रणय वाचताना स्त्रीवाचकाला कोणाच्या तरी दुबळेपणाशी तादात्म्य पावावे लागत नाही, ही सुटका त्या वेळेत आणखी भर घालत असावी, असे मला वाटते.

मी ज्या भागात वाढलो तेथे खेळ म्हणजे कुस्ती. तालमीतली लाल माती, वस्तादांचा धाक, पहाटेचे जोर-बैठका, आणि ‘लंगोटाचा पक्का’ असणे हा चारित्र्याचा अंतिम दाखला. पुरुषाने पुरुषाच्या देहाला इतके जवळून, इतका वेळ, इतक्या लोकांसमक्ष स्पर्श करावा, याला आमच्या गावात फक्त आखाड्यात मुभा होती. खडाखडीत हात झटकून पुन्हा हात धरणारे दोन गडी, एकमेकांच्या मानेवर टेकलेली कपाळे, आणि निकालानंतर हरलेल्याने जिंकलेल्याला मारलेली मिठी. हे सारे आम्ही मुले डोळे भरून पाहत असू. त्यात शृंगार होता असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे एका संस्कृतीची शिस्त दुसऱ्या संस्कृतीच्या चष्म्यातून वाचणे होईल. पण जो समाज एका चौकोनात स्पर्शाला संपूर्ण परवानगी देतो, तो त्या चौकोनाबाहेर त्याच स्पर्शाला संपूर्ण बंदी घालतो, एवढे मला तेव्हाही जाणवत होते. हॉकीचे मैदान असो की मातीचा हौदा, ही परवानगी आणि ही बंदी यांचा जन्म एकत्रच होतो. जुलै २०२१ मध्ये ल्यूक प्रोकॉप या खेळाडूने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले, तेव्हा उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमधील संघाशी करारबद्ध असलेला असा तो पहिलाच खेळाडू होता. १९१७ साली स्थापन झालेल्या संघटनेच्या इतिहासात हे पहिलेपण एका शतकानंतर यावे, यातच कादंबरीतल्या गुप्ततेचे वास्तव आहे.

प्रणयकथेच्या रचनेत अडथळा हा अनिवार्य घटक असतो. पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये या वाङ्मयप्रकाराचे जे आठ घटक सांगितले, त्यांत तो आहेच. स्त्री-पुरुष प्रणयकथेत हा अडथळा आज बहुधा ओढूनताणून आणावा लागतो. गैरसमज, अहंकार, हरवलेले पत्र. येथे तो आणावा लागत नाही, कारण तो जगातच आहे. रशियात जून २०१३ मध्ये समलिंगी संबंधांच्या तथाकथित प्रचाराला बंदी घालणारा कायदा झाला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीची सारी चळवळच अतिरेकी ठरवली. इल्याला घरी परतण्याची भीती वाटते ती यांतल्या २०१३ च्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर. अडथळा असा खरा असल्यामुळे कादंबरीतल्या काळालाही वेगळे रूप येते. दोन संघांची गाठ वर्षातून मोजक्या वेळा पडते. म्हणून कथानक शहरे आणि तारखा यांच्या टप्प्यांनी पुढे सरकते, आणि मधले महिने गळून पडतात. विप्रलंभाचे वेळापत्रक खेळाची संघटना ठरवते. या काळात दोघे एकमेकांना आडनावानेच हाक मारतात. पहिल्यांदा नाव उच्चारले जाते तो क्षण कोणत्याही शरीरप्रसंगापेक्षा अधिक उघडावाघडा ठरतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. ‘अहो’वरून ‘अरे’वर येण्यात काय घडते, हे आपल्या व्याकरणालाच ठाऊक आहे.

आता शेवटाविषयी. सुखान्त हे रंजनपर साहित्याचे सर्वांत मोठे न्यून मानले जाते. वाचकाला आधीच दिलेले ते वचन असते, आणि वचनबद्ध कलेत शोध संपतो, असा हा युक्तिवाद. पण सुखान्ताचे मूल्य तो कोणाच्या वाट्याला येतो यावरही अवलंबून असते. ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ १९१३-१४ मध्ये लिहिली, आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन पुरुषांच्या प्रेमाचा शेवट सुखाचाच करायचा, हा त्यांचा आग्रह होता, आणि याच शेवटामुळे कादंबरी प्रकाशित करणे अवघड झाले, याची त्यांना जाणीव होती. नायकांना फासावर लटकवले असते, तर कदाचित ती छापता आली असती. पॅट्रिशिया नेल वॉरेन यांच्या ‘द फ्रंट रनर’ (१९७४) मधला धावपटू मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिक शर्यतीत गोळी लागून मरतो. त्याच मॉन्ट्रियलमध्ये पंचेचाळीस वर्षांनंतरच्या कादंबरीतला शेन जिवंत राहतो, खेळतो, प्रेम करतो. आपल्याकडे तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली मित्रा स्वतःला संपवते, सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये भाऊ आणि बहीण दोघांच्याही वाट्याला प्रियकराचे निघून जाणे येते. या कलाकृतींची श्रेष्ठता मी नाकारत नाही. परंतु एका प्रकारच्या प्रेमाचा शेवट साहित्यात सतत मृत्यूने किंवा वियोगानेच होत असेल, तर तोही एक संकेतच झाला, आणि सुखान्ताइतकाच तो आधी ठरलेला आहे. एका संकेताला आपण शोकात्मता म्हणून गौरवतो आणि दुसऱ्याला करमणूक म्हणून बाजूला सारतो, यामागची अभिरुची तपासून पाहायला हवी.

या कादंबरीवर माझा खरा आक्षेप दुसराच आहे. गुप्ततेला जागा लागते, आणि जागेला पैसा. शेन आणि इल्या कोट्यधीश आहेत. त्यांना हॉटेलची खोली मिळते, विमानाचे तिकीट मिळते, आणि शेवटी तळ्याकाठचे शेनचे एकान्त घर मिळते. तेथेच त्यांचे प्रेम पहिल्यांदा सलग दिवसांचे होते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण राहणाऱ्या तरुणाची गुप्तता कशी असेल, याची या वाङ्मयप्रकाराला कल्पना नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ च्या कक्षेतून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. पण न्यायालय भीती दूर करू शकते, खोली देऊ शकत नाही. ती कथा लिहायची तर ती याच भाषेत, याच भूमीवर लिहावी लागेल.

आणि भाषेचा प्रश्न येथेच उभा राहतो. मालिकेत एक प्रसंग आहे : वडिलांच्या मृत्यूमुळे मॉस्कोत गेलेला इल्या दूरध्वनीवर शेनशी रशियन भाषेत दीर्घकाळ बोलतो, आपले प्रेम सांगून टाकतो, शेनला त्यातला शब्दही कळत नाही. समोरच्याला कळणार नाही, म्हणूनच ते बोलता येते. माझे विद्यार्थी या विषयावर इंग्रजीत सहज बोलतात. मराठीत आले की थांबतात. कारण मराठीत त्यांच्यापाशी एकीकडे ‘समलिंगी’ हा पारिभाषिक, दवाखान्याचा वास असलेला शब्द आहे, आणि दुसरीकडे शिव्या आहेत. मधली, जेथे माणसे राहतात ती जागा रिकामी आहे. ज्याने मला ही कादंबरी दिली, त्या विद्यार्थ्याने आपले टिपण मराठीतच लिहायचे ठरवले. तिसऱ्या पानावर त्याने शेनचा उल्लेख ‘इल्याचा प्रियकर’ असा केला होता. शब्द जुनाच, आपल्या भावगीतांनी झिजवलेला. पण या विभक्तीप्रत्ययासह तो मी पहिल्यांदाच वाचत होतो, आणि त्याच्याभोवती अवतरणचिन्हे नव्हती. मी टिपणातल्या काही शुद्धलेखनाच्या खुणा केल्या, आणि तो शब्द तसाच राहू दिला.