हलणं हाच स्वभाव

कॅनडात, व्हँकुव्हरच्या उत्तरेला, कॅपिलानो नदीच्या खोल दरीवर एक झुलता पूल राहतो. १८८९ साली पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा अंगात दोरखंड होते. पुढे तारा आल्या. अंग बदललं, चंचलपणा तोच. पहिल्या पावलाला एका बाजूला कलतो, दुसऱ्याला उलटीकडे. लांबी ४५० फूट, रुंदी जेमतेम ५, खाली २३० फुटांवर खडक. चालणाऱ्याच्या तळव्यांना घाम फुटतो, छाती धडधडते. ही धडधड कसली, ते मात्र पूल सांगत नाही.

डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांना त्याचं हे मौनच हवं होतं. पूल ओलांडणाऱ्या तरुणांना एक तरुणी गाठायची, चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहून घ्यायची आणि कागदाचा कोपरा फाडून आपला फोन नंबर द्यायची. प्रयोगाबद्दल आणखी विचारायचं असेल तर म्हणून. नदीच्या वरच्या अंगाला, पाण्यापासून १० फुटांवर एक भक्कम लाकडी पूल होता. तिथेही तेच केलं. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला. भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त दोघांनी. हा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला.

यामागचा विचार जुना होता. आपण थरथरतो म्हणून घाबरतो, असं मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८८४ मध्येच मांडलं होतं. १९६२ मध्ये शॅक्टर आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी त्यात भर घातली: शरीर फक्त खवळतं, त्या खळबळीला नाव द्यायला मन आजूबाजूला पाहतं. समोर दरी दिसली तर भीती, हसरा चेहरा दिसला तर ओढ. मला हा सिद्धांत पुस्तकापेक्षा या पुलानं जास्त पटवला.

तरी प्रयोगाबद्दल एक शंका रास्त होती: असल्या पुलावर जाणारे मुळातच धीट असतील, फोनही धीटपणे करतील. म्हणून डटन आणि ॲरन यांनी पुन्हा पाहिलं. या वेळी सगळे याच पुलावरून आलेले. काही नुकतेच उतरलेले, काही उतरून थोडा वेळ विसावलेले. विसावलेल्यांचे फोन कमी आले. धीटपणा दोन्ही गटांत सारखाच होता. फरक होता तो अंगात अजून न शमलेल्या हेलकाव्याचा, आणि त्या मोजक्या मिनिटांत जी समोर आली, तिच्या नावावर तो जमा झाला.