ट्रकच्या पुढच्या पाट्यांविषयी

पोशीर, ता. कर्जत
भाद्रपद वद्य एकादशी

चि. बाळास,

गाडी डावीकडे ओढते, टायर एका कडेने खातंय, खड्ड्यात ठणठण वाजतं, असं फोनवर म्हणालास. डाव्या बाजूच्या स्प्रिंगला एक जादा पाटा चढवून वीटभट्ट्यांचा सीझन काढायचा तुझा विचार आहे. तो सोड.

पुढचा एक्सल चेसिसला धरून ठेवतात ते पाटेच. मेन पाटा टोकाच्या डोळ्याजवळ तुटला तर एक्सल एका बाजूने मागे सरकू शकतो, मग स्टिअरिंग कितीही फिरव. बोरघाट उतरताना प्रत्येक ब्रेकला भार पुढे येतो, आणि पाटा तुटला तर तिथेच तुटेल.

आधी दोष पाट्यांचाच असल्याची खात्री करून घे. ब्रेक धरून राहिला किंवा टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी ओढते. हवा सारखी कर, रिकामी गाडी सपाट जागी लाव आणि चेसिस ते एक्सल अंतर दोन्ही बाजूंनी मोज. डावीकडे कमी भरलं तर पाटे बसलेत. मग तारेच्या ब्रशने चिखल काढ. पावसाळाभर गाडी उभी होती, पाट्यांमध्ये पाणी मुरून गंज धरला असेल. चीर बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा यू-बोल्टच्या कडेला पडते. रॉकेल लावून कोरडं पूस आणि वर खडू घास. चीर असली तर काळी रेघ उमटेल. पाट्याच्या डोळ्याजवळ पहार घालून हलव, बुश झिजलं असेल तर कळेल.

पाटे बसलेले किंवा चिरलेले निघाले तर दोन्ही बाजूंचे एकदम बदल. एक नवा, एक थकलेला ठेवलास तर गाडी वाकडीच उभी राहील. कंपनीने दिलेत तेवढेच आणि तेवढ्याच जाडीचे पाटे घाल. तुटलेल्याला वेल्डिंग तर मुळीच नको: उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा वेल्डिंगशेजारी पुन्हा तुटतो. २०१८ साली दोन एक्सलच्या ट्रकचं परवानगीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झालं, पण म्हणून तुझ्या जुन्या गाडीचे पाटे जाड झालेले नाहीत.

काम करताना मागच्या चाकांना ठोकळे लाव. चेसिसखाली भक्कम घोडी हवी; नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. एक्सलवर पाचर असेल तर जाड बाजू कुठे होती त्याची खूण कर. ती उलटी बसली तर स्टिअरिंग बिघडतं. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात नीट बसलं पाहिजे. यू-बोल्ट, बुश, सेंटर बोल्ट नवेच घे. नट तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळ, आणि शेवटचा ताण गाडी चाकांवर उतरवल्यावर, टॉर्क पान्याने, कंपनीच्या मापाने दे. पहिली भरलेली खेप झाली की यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. ते सैल राहिले तर नवे पाटेही मधोमध तुटतील. मग अलाइनमेंट करून घे आणि पिनांना नेमाने ग्रीस दे.

हे सगळं खंडेनवमीच्या आत उरक. पैसे कमी पडले तर सांग, भात विकलं की उरलेले मी देतो. पाटे बदलेपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊ नकोस.

तुझा,
मामा