कचरापेटी की माळा?

आमच्या घरी आजीच्या वेळेपासूनचा एक नियम आहे. दिवेलागणीच्या आत कचरा घराबाहेर गेला पाहिजे. त्यानंतर केर काढायचा नाही की कचऱ्याचा डबा हलवायचा नाही. लहानपणापासून हा नियम मी रोज बघत आले. तरी ऐन वेळी तो मला आठवला नाही आणि त्यापायी आजीची कुरडई हातची जायची वेळ आली.

काय झालं ते सांगते.

मी कंटेंट रायटर आहे. बीए इंग्लिश केलं आणि आता वडोदऱ्यात घरूनच दुसऱ्यांच्या वेबसाइटसाठी लिहिते. कॉलेजात असताना माझ्या सगळ्या नोट्स एका ॲपमध्ये होत्या. एक दिवस त्या ॲपनं गाशा गुंडाळला आणि माझे दोन वर्षांचे कागद त्याच्याबरोबर गेले. तेव्हापासून मी ओपन सोर्सच्या वाटेला लागले. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, सुधारता येतो, असं सॉफ्टवेअर.

शोधता शोधता जॉप्लिन सापडलं. स्कॉट जॉप्लिन या पियानोवादक संगीतकाराचं नाव त्याला दिलंय. नोट्स आपल्याच कॉम्प्युटरवर राहतात. हव्या असतील तर ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, नेक्स्टक्लाउड अशा ठिकाणी सिंक करून मोबाईलवरही बघता येतात. लिहायचं ते मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात. मथळ्याआधी हॅशची खूण टाकली की मथळा मोठा होतो, इतकं सोपं.

अशा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सगळ्यांसाठी येण्याआधी तिची प्री-रिलीज आवृत्ती येते. ज्यांना हौस असेल त्यांनी ती वापरून बघायची. काही बिघडलं तर आपण काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे तीन प्रश्न सोडवून कळवायचं. मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही, पण लिहिता येतं. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात जॉप्लिन ३.० ची प्री-रिलीज लॅपटॉपवर घेतली आणि नवीन काय आहे याचं मराठी मार्गदर्शक लिहायला बसले. घरच्यांसाठी आणि चार मैत्रिणींसाठी.

३.० मधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ट्रॅश. आधी नोट डिलीट केली की गेली. आता ती ट्रॅशमध्ये जाऊन पडते आणि तिथून परत आणता येते. मी पाच नोट्स डिलीट केल्या, पाचही परत आणल्या. मग ऐटीत लिहिलं, ‘चुकून नोट डिलीट झाली तर घाबरू नका. ती कचरापेटीत सुरक्षित असते.’

आता परीक्षक हवा होता. आई होतीच.

आजीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. दर उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर तिच्या हाताखाली कुरडया व्हायच्या. त्या वर्षी पहिल्यांदाच आई एकटी करणार होती. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, हे तिला तोंडपाठ होतं. पण आजीच्या बारीकसारीक खुणा विसरायच्या आत लिहून ठेवाव्यात असं तिच्या मनात होतं. मी लॅपटॉपवर मराठी फोनेटिक कीबोर्ड टाकून दिला. आई एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहू लागली. सोमवारी थोडं, बुधवारी थोडं. स्वतःहून काही टाइप करण्याची तिची ही पहिलीच वेळ.

गुरुवारी मी माझं मार्गदर्शक तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘आई, यात लिहिलंय तसं करून बघ. मी मध्ये बोलणार नाही.’ आणि मी आत चहा टाकायला गेले.

परत आले तर आई खुशीत होती. ‘सगळं केलं बघ. नोट डिलीट केली, ती कचरापेटीत गेली. मग म्हटलं, संध्याकाळ होत आली, पेटी भरलेली कशाला ठेवायची? तिथेच एम्प्टी ट्रॅश लिहिलं होतं, ते दाबलं.’

माझ्या हातातला कप हिंदकळला. तिनं प्रयोगासाठी स्वतःचीच नोट घेतली होती. साहजिकच होतं. दुसऱ्याच्या नोटला हात कसा लावायचा?

मी मोबाईल उघडला. तिथेही नोट नव्हती. सिंक आपलं काम चोख करून मोकळं झालं होतं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी कितीतरी जणांना सांगितलं होतं. त्या दिवशी मला ते पोटात खड्डा पडून कळलं.

आईचा चेहरा उतरला. ‘माझंच चुकलं ना? मला यातलं कळत नाही.’

नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं. कचरापेटी म्हटल्यावर ती रिकामीच करायची असते! जी वस्तू लागेल की नाही याची खात्री नाही, ती कुणी कचऱ्याच्या डब्यात ठेवतं का? ती माळ्यावर जाते. मी शब्दाला शब्द ठेवला, पण आईच्या घरात त्या शब्दाचा अर्थ काय, हे पाहिलं नाही. शिवाय चाचणीसाठी वेगळं प्रोफाइल उघडायला हवं होतं. जॉप्लिनमध्ये ती सोय आहे. मीच कंटाळा केला होता.

एक गोष्ट मात्र धड केली होती. सोमवारी रात्री प्री-रिलीज टाकण्याआधी सगळ्या नोट्सची जेईएक्स फाइल काढून ठेवली होती. ही जॉप्लिनची स्वतःची एक्सपोर्ट फाइल. ती परत आत घेतली आणि आईची नोट आली. पण सोमवारपर्यंतचीच. गहू, पाणी, वाटण, सगळं होतं. बुधवारी लिहिलेलं, चीक शिजल्याची खूण सांगणारं शेवटचं, गेलं ते गेलंच.

मी गप्प बसले होते. आई उठली, तोंड धुऊन आली आणि पुन्हा लॅपटॉपसमोर बसली. ‘चल, परत लिहिते. तू फक्त बघ.’

त्या रात्री तिनं पुन्हा लिहिलं. जितका चीक तितकं पाणी. पाण्याला उकळी आली की मीठ, हिंग, मग चीक, आणि हात थांबवायचा नाही. ओलं बोट लावून बघायचं, चिकटलं नाही की झालं. मग ती थांबली आणि म्हणाली, ‘अगं, हे बुधवारी राहिलंच होतं. पहिली कुरडई आजी वाळायला ठेवायची नाही. ताटलीत घालून तुला द्यायची. तू नाक मुरडलंस तर चिकात मीठ वाढवायची.’

म्हणजे आमच्या घरची पहिली परीक्षक मीच होते.

आई झोपल्यावर मी मार्गदर्शकातलं ते पान खोडून नव्यानं लिहिलं. ‘ट्रॅश म्हणजे घरातला माळा समजा. डिलीट केलेली नोट तिथे थांबते. किती दिवस थांबेल ते सेटिंगमध्ये ठरतं. सुरुवातीला ते ९० दिवस असतं. तिथून पुन्हा डिलीट केली किंवा एम्प्टी ट्रॅश दाबलं, तर मात्र ती कायमची जाते. सरावासाठी आधी एक खोटी नोट तयार करा.’ आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, बॅकअप कसा घ्यायचा ते.

सकाळी आईनं ते वाचलं आणि फक्त एवढंच म्हणाली, ‘हं. आता कळलं.’ माझ्या लिखाणाला इतकी चांगली दाद कुणी दिली नव्हती.

त्या वर्षी कुरडया छान झाल्या. पहिली ताटलीत आली आणि मी मुद्दाम थोडं नाक मुरडलं.

तुमच्याही फोनमध्ये कुणाच्या तरी हातचं असं काही लिहून ठेवलेलं असेल. हे वाचून झालं की त्याचा एक बॅकअप घ्या. आणि घरात कुणाला काही शिकवत असाल, तर चहा टाकायला आत जाऊ नका. शेजारी बसा.