दाराची आतली बाजू

मोटार बाळगणारा माणूस गाडीकडे नेहमी बाहेरून पाहतो. बंपरला कुणी नुसते खरचटवले तरी त्याचा जीव कासावीस होतो. पण दाराच्या आतल्या बाजूला वीतभर तडा गेला, तर महिनोन् महिने तो तिकडे काणाडोळा करील. बाहेरची बाजू जग पाहते, आतली घरचीच माणसे पाहतात, हे त्याचे कारण असावे. आमच्या घरी मात्र असल्याच एका तड्यापायी गेल्या मे महिन्यात गाडी विकायची पाळी आली होती.

गाडी 1998 सालची. वडिलांनी हौसेने घेतलेली. वडील 2014 मध्ये गेले. पंधरा वर्षे झाली की नोंदणी नवी करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी; तो सोपस्कार आम्ही तीनदा केला आहे. आईला आता ब्याऐंशीवे चालू आहे. हल्लीच्या उंच गाड्यांत चढताना तिचे गुडघे साथ देत नाहीत. या गाडीत ती सहज बसते, डावे कोपर दाराला टेकते आणि दवाखान्यापर्यंत रस्त्यावरच्या एकूण एक दुकानाची चौकशी करते. नेमका त्या कोपराखालीच तडा गेला. रेक्झिन वाळून त्याची कड पत्र्यासारखी झाली होती. एके दिवशी तिची कातडी सोलवटली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असल्याने ते थांबायला अर्धा तास लागला.

मेहुण्यांनी तत्परतेने चिकटपट्टी लावली. ती एक दुपार टिकली. नागपूरहून दादाचा फोन आला, "अरे, आता भंगारात देऊन टाक ती!" आई काहीच बोलली नाही. फक्त त्यानंतर गाडीत ती हात मांडीवर धरून बसू लागली, आणि दुकानांची चौकशीही बंद झाली.

म्हणून मी नाना पेठेत एका सीटकव्हरवाल्याकडे गेलो. साठीचे गृहस्थ, सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी तड्याकडे पाहिलेच नाही. दाराच्या खालच्या कडेवर बोटाने टकटक केले आणि म्हणाले, "साहेब, ऊन निम्मंच. बाकीचं पाणी आहे."

उन्हाचे मला ठाऊक होते. रेक्झिनवरचा थर पीव्हीसीचा. मुळात हा पदार्थ कडक. 1926 साली अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने तो मऊ करण्याची युक्ती काढली. पण मऊपणा आणणारे द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जाते. उन्हात बंद ठेवलेली गाडी तासाभरात आतून बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी अधिक तापते. अशी सत्तावीस वर्षे काढल्यावर रेक्झिनने तरी काय करावे?

पाण्याची कथा मात्र मला नवी होती. ती पाहायची तर दार उघडे करायला हवे. चाचांनी काच वरखाली करायच्या हँडलामागे कापडाची चिंधी घातली आणि करवत चालवावी तशी ती मागेपुढे ओढली. "डोळे सांभाळा," म्हणेपर्यंत आतली तारेची क्लिप टणकन उडाली! स्क्रू काढून, क्लिपांच्या अगदी शेजारी पातळ पट्टी घालून त्यांनी डोअर पॅड अलगद सोडवले. (मधेच कडेला धरून ओढले, तर दुरुस्तीआधीच दुसरा तडा जातो.)

मागे पाहतो तो हार्डबोर्ड चहात बुडवलेल्या टोस्टासारखा फुगलेला! पावसाचे पाणी काचेच्या कडेने दाराच्या पोटात उतरतेच. ते खालच्या भोकांतून निघून जावे आणि मधल्या प्लास्टिकच्या कागदाने पॅड कोरडे ठेवावे, अशी योजना असते. आमची भोके चिखलाने बुजलेली होती, आणि कधीकाळी काच बसवणाऱ्या कुणा कारागिराने तो कागद फाडून तसाच सोडला होता. बोर्ड ओला होऊन वाकला, त्याने वाळके रेक्झिन ताणले आणि ते कोपराखाली फाटले. वरून चिकटपट्टी लावून काय होणार?

जुन्या पॅडवरून चाचांनी नवा हार्डबोर्ड कापला. त्याच्या कडांना आणि पाठीला दोन हात ऑइलपेंट दिला. कारण बोर्ड पाणी पितो तो कडांनी. वर पातळ फोम, त्यावर नवे रेक्झिन. नवा प्लास्टिक कागद चिकटवताना त्याची खालची कड त्यांनी दाराच्या आत सोडली, म्हणजे थेंब पुन्हा पत्र्याच्या पोटातच जातील. ही चार बोटांची कड बाहेर राहिली, तर सगळी मेहनत फुकट. हाताच्या टेकूचे स्क्रू वायसर घालून बेताने आवळले.

नव्या गाड्यांची डोअर पॅडे बहुधा प्लास्टिकची असतात. त्यांच्या तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडतात, म्हणजे तो पुढे सरकत नाही; मग मागून काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी. परंतु काही प्लास्टिके साधा गोंद धरीत नाहीत. ती बहुधा तापवून सांधावी लागतात. तेव्हा आधी जाणत्याला दाखवावे.

घरच्यांनी करायचे ते थोडेच आहे. पावसाळ्यापूर्वी खालची भोके काडीने मोकळी करावीत. गाडी सावलीत लावावी. सावली नसेल तर काचेला कापड तरी लावावे. पुसायला ओले फडके आणि सौम्य साबण पुरे; थिनर नि स्पिरिट रेक्झिनचा उरलासुरला मऊपणा काढून घेतात. दाराच्या खिशात पाण्याच्या बाटल्या कोंबू नयेत, आणि त्याच खिशाला धरून दार ओढू तर मुळीच नये. (हे शेवटचे मी मेहुण्यांना दोनदा सांगितले.)

नव्या पॅडचा रंग थोडा गडद आला आहे. पहिल्या फेरीत आईने त्यावरून हात फिरवला, कोपर टेकले आणि चौकातले मिठाईचे दुकान कधी बंद झाले ते विचारले. मग मान वळवून मागे पाहत म्हणाली, "अरे, मागचं दारही खालून फुगलंय. ते कधी नेतोस?"