‘बाहेर’ आणि ‘परत’

राइट टाउनच्या स्टेडियमवर मुलींचा सॉफ्टबॉलचा सराव सामना होता आणि स्कोअरची वही माझ्याकडे होती. तिसऱ्या डावात पाचव्या क्रमांकाची बॅटर, म्हणजे त्या संघाची कॅचर, पहिल्या बेसवर पोहोचली. मागून आलेली सहावी झेल देऊन बसली. दोन आउट. कोचने टेम्पररी रनर मागितली, तर अंपायरने नुकत्याच बाद झालेल्या त्या सहावीलाच बेसवर पाठवलं. समोरच्या बाकावरून एकच ओरडा झाला, “अरे, वो तो अभी आउट हुई है!”

अंपायरचं बरोबर होतं. दोन आउट असताना कॅचर बेसवर असेल, तर तिच्याऐवजी अशी मुलगी पळते जी स्वतः बेसवर नाही आणि जिची बॅटिंगची पाळी सगळ्यात शेवटी येणार आहे. आता सातवी येणार, मग आठवी, नववी, पहिली... मोजत गेलं की शेवटी सहावीच उरते. राखीव मुलगी चालत नाही. अमेरिकेतल्या शाळांमध्ये ‘कर्टसी रनर’ असते, ती वेगळी. ती पिचरसाठीही मिळते, दोन आउटची वाट पाहावी लागत नाही आणि येते ती राखीव खेळाडूंमधून. दोन्हीकडे हेतू मात्र एकच, कॅचरला पायाचे पॅड, छातीचं कवच, मास्क चढवायला वेळ मिळावा. आपल्याला रनर माहीत तो क्रिकेटमधला, जखमी बॅट्समनसाठी येणारा. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून तोही २०११ साली गेला. इथे कुणालाच काही लागलेलं नसतं, हे बघणाऱ्यांना पटत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी हात सवयीने चालला. कॅचरच्या चौकटीत मी ‘बाहेर’ लिहिलं. पुढे ती मास्क लावून मैदानात उतरली, तेव्हा ‘परत’.

पाचव्या डावात तिच्या बोटावर चेंडू बसला आणि बदली कॅचर आली. ही खरी बदली. सातव्या, शेवटच्या डावात बोटाला पट्टी बांधून ती उठली. सुरुवातीच्या संघातल्या कुणालाही एकदा परत येता येतं, आपल्याच बॅटिंग क्रमांकावर. अंपायरने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं आणि सांगून टाकलं, हिची री-एंट्री झालेली आहे. ती मास्क मांडीवर घेऊन बसून राहिली. एका धावेने हरल्या.

रात्री वही तपासताना ते दोन शब्द दिसले आणि पोटात गोळाच आला. टेम्पररी रनर ही बदली नव्हेच. कॅचर सामन्यातून बाहेर गेलेलीच नसते. तिचा हक्क शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी गोलबाजारात तिच्या घरी गेले. वही उघडून ती चौकट दाखवली.

“म्हणजे काकू, मी खेळू शकले असते?”

“हो. माझ्या चुकीमुळे बसलीस.”

ती काही बोलली नाही. वही स्वतःकडे ओढून घेतली, दुखऱ्या बोटाने पहिलं पान उलटलं आणि पहिल्या डावापासून एकेक चौकट तपासायला लागली.