दोन गुण

निवडणुकीत लोक नातेगोते पाहून मत देतात, पारितोषिके वशिल्याने मिळतात, परीक्षक आपल्याच शिष्यांना वर काढतात, अशा तक्रारी करण्यात आम्ही आयुष्यातील कितीतरी सायंकाळी घालविल्या आहेत. त्यांतील पुष्कळशा तक्रारी खऱ्याही असतील. परंतु त्या करताना एक गोष्ट आम्ही नेहमी गृहीत धरून चाललो. ती ही की, निवाडा करण्याचा प्रसंग आमच्यावर आला, तर आम्ही तो रामशास्त्र्यांच्या बाण्याने करू. पुढे तसा प्रसंग आला. तो राजकारणाच्या आखाड्यात आला असता तर निदान मोहाचे मोल तरी मोठे असते. तो आला चोवीस हौशी माणसांच्या एका छायाचित्रस्पर्धेत, जेथे पारितोषिक म्हणजे एक प्रशस्तिपत्र आणि एक शाल एवढेच होते.

आमच्या नगरात छायाचित्रे काढण्याचा नाद असलेल्या काही मंडळींनी मिळून एक लहानसे मंडळ चालविले आहे. त्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, दुकानदार आहेत, आणि कॅमेरा हाती धरण्यापलीकडे ज्यांचा कलेशी काही संबंध नाही असे आमच्यासारखेही आहेत. वर्षातून एकदा एक विषय ठरवून प्रत्येकाने आपले एक चित्र द्यावे, ती सर्व चित्रे भिंतीवर टांगावीत, आणि सभासदांनीच त्यांतून उत्तम चित्र निवडावे, असा परिपाठ आहे. त्या वर्षी विषय होता ‘जिल्ह्यातील पाणी’. या विषयाला आमच्या जिल्ह्याइतका जिल्हा अनुरूप नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पाऊस पडू लागला की डोंगर दिसेनासे होतात. आणि पूर्वेला पाथर्डीकडे उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना पाण्याची अशी दोन रूपे!

प्रारंभीच्या एका वर्षी निवडीची रीत फार मौजेची होती. प्रत्येक सभासदास तीन टिकल्या देण्यात येत, आणि आवडलेल्या चित्राखालील कागदावर त्याने त्या चिकटवाव्यात असे ठरले होते. पहिल्या अर्ध्या तासात ज्या चित्राखाली चार टिकल्या लागल्या, त्याच्याखाली संध्याकाळपर्यंत वीस लागल्या. उशिरा आलेला मनुष्य चित्र पाहण्यापूर्वी टिकल्या पाहत असे. गर्दी जेथे आहे तेथेच देव जागृत असला पाहिजे, या समजुतीने आपण जत्रेत वागतो तसेच हे झाले. पुढे आमच्या वाचनात आले की, २००६ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी याच गोष्टीचा मोठ्या प्रमाणावर प्रयोग करून त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. सुमारे चौदा हजार लोकांना अठ्ठेचाळीस अपरिचित गाणी त्यांनी ऐकविली. काहींना इतरांची पसंती दाखविली, काहींपासून ती लपविली. जेथे पसंती दिसत होती तेथे थोडीच गाणी फार वर गेली. शिवाय लोकांचे निरनिराळे गट केले तेव्हा प्रत्येक गटात वर गेलेली गाणी वेगळी निघाली. म्हणजे लोक निवडतात असे आपण म्हणतो, तेव्हा कित्येकदा पहिले आलेले चारजणच निवडीत असतात.

म्हणून टिकल्या गेल्या आणि चिठ्ठ्या आल्या. प्रत्येक चित्राला क्रमांक द्यावा, चित्रकाराचे नाव झाकावे, आणि प्रत्येक सभासदाने स्वतःचे चित्र सोडून उरलेल्या तेवीस चित्रांना दहापैकी गुण द्यावेत. चिठ्ठीवर सही करू नये. ही रीत आम्हा सर्वांस निर्दोष वाटली. नावे झाकली होती हे खरे. परंतु चोवीस माणसांच्या मंडळात कोणाचा हात कसा चालतो हे कोणाला ठाऊक नसते? वकीलसाहेबांचे ढग आणि शाळामास्तरांची सावली दुरूनही ओळखू येई.

आम्ही दिले होते निघोजच्या रांजणखळग्यांचे चित्र. कुकडीच्या पात्रात वाहत्या पाण्याने आणि गरगरणाऱ्या गोट्यांनी काळ्या खडकात कोरलेले ते खोल कुंड, सकाळच्या तिरप्या उन्हात, आम्हांस तरी अपूर्व वाटत होते. आमच्या चित्रापासून तिसरे चित्र टँकरचे होते. पाथर्डीकडच्या एका वस्तीवर हंड्यांची लांब रांग, माणसे कोणीच नाहीत, आणि रांगेच्या टोकाला पालथ्या हंड्यावर बसून, मांडीवर वही घेऊन, अभ्यास करणारी एक मुलगी. टँकर कोठेच दिसत नव्हता. पण मुलीने मान किंचित वर केली होती, त्यावरून तो येत असावा असे वाटे. हे चित्र दुधाच्या गाडीवर काम करणाऱ्या एका तरुण सभासदाचे होते, हेही आम्हांस ठाऊक होते.

चिठ्ठी भरताना त्या चित्रापुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. चित्र उत्तम आहे हे प्रथमदर्शनीच मनाने सांगितले. त्यानंतर मनाने आणखीही पुष्कळ सांगितले. उजवीकडचा कोपरा उन्हाने पांढरा पडला आहे. विषय करुण असला म्हणजे चित्र चांगले होतेच असे नाही. मुलगी मुद्दाम बसविलेली नसेल कशावरून? हंडे जरा अधिकच व्यवस्थित रांगेत आहेत. अशी एकेक शंका निघे, आणि दर शंकेगणिक गुण कमी होत. शेवटी आम्ही दोन गुण लिहिले आणि अत्यंत शांत चित्ताने पुढच्या चित्राकडे वळलो. आपण काही अन्याय करीत आहो असे त्या क्षणी वाटले असते, तर आमचा हात थांबला असता. परंतु दुसऱ्याला फसविण्यापूर्वी आम्ही स्वतःला इतके पद्धतशीर फसविले होते की, त्या दोन गुणांना आम्ही आमच्या रसिकतेचा कडकपणा समजत होतो.

योगायोगाने चिठ्ठ्या मोजण्याचे काम आमच्याकडेच होते. त्या रात्री घरी बेरजा करीत बसलो असता मनुष्यस्वभावाचे जे दर्शन झाले, ते कोणत्याही नाटकात झाले नसते. काही सभासदांनी सर्वांना सहा ते आठ यांच्यामध्येच गुण दिले होते. कोणाचे मन दुखवू नये ही आपली जुनी रीत. काहींनी दोनतीन मित्रांना दहा आणि इतर काहींना दोनतीन असे वाटप केले होते. येथे एक गोष्ट सहज लक्षात येण्याजोगी नाही. जो सहा ते आठमध्ये राहतो, तो सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट चित्रात दोनच गुणांचे अंतर पाडतो. जो शून्य ते दहा वापरतो, तो दहा गुणांचे पाडतो. म्हणजे दोघांच्या हाती चिठ्ठी एकच असली, तरी दुसऱ्याच्या मताला पहिल्याच्या पाचपट वजन येते. भिडस्त मनुष्याने आपला अधिकार सोडून द्यावा आणि आग्रही मनुष्याने तो उचलून घ्यावा, हे संसारात चालते तसेच बेरजेतही चालते.

बेरजा संपल्या. पहिले आले रंधा धबधब्याचे चित्र, गुण १६१. ते चित्र वाईट नव्हते. प्रवरेचे पावसाळी पाणी, धुके, हिरवळ, सगळे जेथल्या तेथे होते. त्याला कोणी नऊहून अधिक दिले नव्हते आणि कोणी सहाहून कमी दिले नव्हते. दुसरे आले टँकरचे चित्र, गुण १५९. त्याला तिघांनी दहा दिले होते. आणि सर्वांत कमी गुण होते दोन, तेही एकाच चिठ्ठीवर. त्या चिठ्ठीवरील अक्षर आमचे होते. आमचे स्वतःचे चित्र पाचवे आले.

मनात येईल ते आम्ही प्रामाणिकपणे लिहिले असते, तर त्या चित्राला आठ गुण मिळाले असते. त्याची बेरीज १६५ झाली असती आणि ते पहिले आले असते. आम्ही ज्याला खाली ओढले त्याच्या खाली पडण्याने आम्ही तसूभरही वर गेलो नाही. लाभ झाला तो तिसऱ्याचाच. ज्याचा कोणी द्वेष करीत नाही आणि ज्यावर कोणी जीव टाकीत नाही असे काम, अशा मतदानात, दोन पैलवानांच्या झोंबीत बाजूने निसटून पुढे जाते.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्दा नावाचा एक नौदलातील गणिती होऊन गेला. उमेदवारांना पसंतीक्रमाने गुण देऊन त्यांची बेरीज करावी, अशी निवडणुकीची रीत त्याने सुचविली, आणि तेथील विज्ञान अकादमीने ती काही काळ वापरलीही. आपल्या उमेदवाराच्या बलिष्ठ प्रतिस्पर्ध्याला लोक मुद्दाम शेवटी घालतील, असा आक्षेप कोणी घेतला, तेव्हा आपली रीत केवळ प्रामाणिक माणसांसाठी आहे असे तो म्हणाल्याचे सांगतात. याच्या उलट उदाहरण इंग्लंडातील गॉल्टन याचे. प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचे मांस किती भरेल याचा लोकांनी सहा-सहा पेनी भरून चिठ्ठ्यांवर अंदाज लिहिला होता. त्यांपैकी ७८७ चिठ्ठ्या गॉल्टनने तपासल्या आणि १९०७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला; मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला, प्रत्यक्ष वजन होते १,१९८ पौंड. सामान्य लोकसमूहाच्या शहाणपणाचा हा दाखला पुष्कळ लोक देतात. परंतु तेथे प्रत्येकाचे बक्षीस स्वतःचा अंदाज बरोबर येण्यावर अवलंबून होते, आणि बैल स्वतः स्पर्धेत उतरलेला नव्हता. आमच्या मंडळात चोवीसही परीक्षक स्वतःच बैल होते!

निकाल जाहीर झाला, शाल दिली गेली. पुढे आठ-दहा दिवस आम्ही गप्प राहिलो. ज्या जिल्ह्याने २०२४ मध्ये न्यायाबद्दल ख्यात असलेल्या अहिल्याबाईंचे नाव धारण केले, तेथील एक नागरिक म्हणून आम्हांस हे मौन शोभत नव्हते, असे मोठे शब्द येथे लिहिता येतील. परंतु खरे कारण लहानच होते. तो तरुण रस्त्यात भेटला की नमस्कार करी, आणि आम्हांस त्याच्या नजरेला नजर देता येईना. शेवटी एके दिवशी त्याला घरी बोलावून आम्ही सर्व हकीकत सांगितली.

त्याने ती शांतपणे ऐकून घेतली. चहाचा पेला खाली ठेवून तो म्हणाला, “काका, आता मीही सांगतो. तुमच्या कुंडाच्या चित्राला मी तीन गुण दिले होते.”

आम्हांस क्षणभर फार हलके वाटले. आम्ही हसून म्हणालो, “म्हणजे फिटंफाट झाली म्हणावयाची!”

“नाही काका,” तो थोडा संकोचून म्हणाला, “मला ते खरोखरच आवडले नव्हते. तसली चित्रे फार पाहिली आहेत. राग मानू नका.”

आम्ही राग मानला नाही असे म्हणणे सत्याला सोडून होईल. पण तो निवळल्यावर जे उरले ते या सर्व प्रकरणातील मुख्य गोष्ट आहे असे आम्हांस वाटते. त्याचे तीन आणि आमचे दोन चिठ्ठीवर शेजारी शेजारी ठेवले, तर कोणता अंक प्रामाणिक आणि कोणता अप्रामाणिक हे जगातील कोणताही हिशेबनीस सांगू शकणार नाही. किंबहुना आमच्या दोन गुणांमागे आम्ही चार कारणे जुळविली होती. त्याच्या तीन गुणांमागे एकच होते.

ही सर्व हकीकत आम्ही मंडळाच्या सभेतही सांगितली. जाहीर झालेला निकाल फिरवू नये असे बहुमताने ठरले, आणि ते योग्यच होते. धबधब्याच्या चित्रकाराने काही अपराध केला नव्हता. नियम मात्र बदलले. ज्याचे चित्र स्पर्धेत आहे त्याने त्या स्पर्धेत गुण देऊ नयेत. परीक्षक तिघे, आणि तेही दुसऱ्या तालुक्यातून बोलवावेत. सभासदांच्या पसंतीचे पारितोषिक निराळे ठेवावे, आणि त्यात प्रत्येक चित्राचा सर्वांत वरचा व सर्वांत खालचा गुण वगळून मग बेरीज करावी. या शेवटच्या नियमाने आम्ही जुना हिशेब ताडून पाहिला. धबधब्याचे १४६ झाले आणि टँकरचे १४७. एका गुणाने न्याय झाला असता. अर्थात आमच्यासारखे दोघे असते तर हाही नियम अपुरा पडला असता, हे आम्ही सभेच्या नजरेस आणून दिले.

आमच्या आग्रहावरून आणखी एक नियम झाला. पाचांहून कमी गुण देणाऱ्याने त्यापुढे कारणाचे एक वाक्य लिहावे आणि खाली सही करावी. काहींना हा जाच वाटला. आम्हांस मात्र पक्के ठाऊक आहे की, त्या सायंकाळी अंक लिहिताना न थांबलेला आमचा हात ‘हंडे जरा अधिकच व्यवस्थित रांगेत आहेत’ हे वाक्य लिहून त्याखाली सही करताना थांबला असता.

टँकरच्या त्या चित्राची एक प्रत आम्ही त्या तरुणाकडून मागून घेतली. किंमत त्याने घेतली नाही. ती आमच्या बैठकीच्या खोलीत लावली आहे. येणारेजाणारे तिच्यापुढे थबकतात आणि चित्र कोणाचे म्हणून विचारतात. आम्ही नाव सांगतो. याला पहिला क्रमांक मिळाला असेल, असे कोणी म्हणाले, म्हणजे आम्ही त्यांना बसावयास सांगतो आणि आत चहा ठेवावयास सांगतो. कारण ती हकीकत उभ्याउभ्या सांगून होण्यासारखी नाही.